कागदावर तीन वाजले होते

हरसूल
८ सप्टेंबर २०२५

प्रिय संध्या,

पत्र बघून दचकू नकोस. फोनच करणार होते. पण फोनवर मला राग आला की रडू येतं, आणि रडू आलं की समोरच्याचं काम सोपं होतं. कागदावर मी रडत नाही.

मला सूड हवा आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे "कशी आहेस, तब्येत काय म्हणते" यात दोन पानं वाया जायला नकोत.

तू म्हणशील, अजून तेच धरून बसलीस? हो, बसले. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी तुमची शाळा अकराला सुटली. सगळ्यांचे आईबाप अकराला येऊन पोरं घेऊन गेले. माझा मोतीरामदादा तीनला आला, कारण शाळेने घरी पाठवलेल्या कागदावर त्याने तीन वाचलं होतं. आमची पल्लवी चार तास फाटकाजवळच्या बाकावर बसून होती. दादा तुमच्या मुख्याध्यापिका तेजश्री मॅडमना म्हणाला, "बाई, कागदावर तीनच हाय." त्या म्हणाल्या, खोटं बोलू नका. आणि सुट्टीनंतरच्या सूचनापत्रात चौकट करून छापलं: निष्काळजीपणाचा नमुना, श्री. मोतीराम भोये, इयत्ता चौथी ब, चार तास उशीर. अकराशे घरांत तो कागद गेला. खालची पट्टी कापून, "सूचना वाचली" म्हणून सही करून परत द्यायची असते ना? दादाने त्या पट्टीवरही सही केली. स्वतःच्या बदनामीची पोच दिली त्याने.

दादा तुमच्याच गंगापूर रोडवर, शाळेपासून दहा मिनिटांवरच्या सोसायटीत वॉचमन होता, हे तुला सांगायला नको. त्या सोसायटीतली निम्मी पोरं तुमच्याच शाळेत. आठवड्यात सेक्रेटरी म्हणाले, जो स्वतःच्या मुलीला विसरतो तो आमच्या गेटवर काय लक्ष ठेवणार. झालं. दादा, वहिनी, पल्लवी, सगळे गावी परत. पल्लवी आता माझ्याच वर्गात बसते, आमच्या पाड्यावरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत. मला त्याचं वाईट वाटत नाही, मी चांगलं शिकवते. पण ती तिथून हाकलल्यासारखी आली, त्याचं वाटतं.

दिवाळीआधीचं सूचनापत्र याही वर्षी तूच टाईप करणार. मला त्यात माफी छापून हवी आहे. त्याच कागदावर, तेवढ्याच घरांत, खाली तेजश्री मॅडमची सही असलेली. त्या स्वतःहून मागणार नाहीत. म्हणून तुला लिहिते.

तुझी,
ललिता


नाशिक
१५ सप्टेंबर २०२५

प्रिय ललू,

तुझं अक्षर बघून हॉस्टेल आठवलं. डी.एड.च्या वहीत तू असंच दाबून लिहायचीस, मागच्या पानावर उठायचं.

अगं, तुझा राग मला समजतो. पण तू मला काय करायला सांगते आहेस हे तुला कळतंय का? मी कंत्राटी क्लार्क. दर जूनला माझं नेमणुकीचं पत्र नवीन निघतं. मॅडमनी मनात आणलं तर निघणारही नाही. त्यांच्या नावाने त्यांनी न सांगितलेलं छापायचं म्हणजे माझ्या हाताने माझा गळा कापायचा.

त्यात सूचनापत्रात असतं तरी काय गं! फटाके मोठ्यांच्या देखरेखीखाली उडवा, वाचनालयाची पुस्तकं परत करा, हरवलेले स्वेटर आणि डबे ऑफिसातून घेऊन जा, सुट्टीचा गृहपाठ पालकांनी स्वतः लिहू नये. दर वर्षी जुनी फाईल उघडायची, तारखा बदलायच्या, छापायचं. मॅडम वाचतसुद्धा नाहीत. हिरव्या शाईचं पेन उघडतात, सही करतात, पेन बंद करतात. एवढ्याशा कागदात तू एवढं मोठं काय घालायला सांगतेस?

त्या दिवशी मी ऑफिसातच होते. मलाही वाईट वाटलं होतं. पण मॅडमपुढे कोण बोलणार? मी दादासाठी दुसरीकडे शब्द टाकते, कॉलेज रोडला आमच्या ओळखीच्यांची सोसायटी आहे. पल्लवीसाठी दिवाळीचा फ्रॉकही घेऊन ठेवला आहे, निळा. तिला निळा आवडतो ना?

आणि हे पत्रच बरं आहे. व्हॉट्सअॅपवर यातला चकार शब्द लिहू नकोस. तिथल्या गोष्टीचा कोण कधी स्क्रीनशॉट काढेल सांगता येत नाही. पत्राचा निघत नाही.

तुझी,
संध्या


हरसूल
२१ सप्टेंबर २०२५

संध्या,

फ्रॉक पाठवू नकोस. पल्लवीला निळा आवडायचा, पण तो तुमच्या गणवेशाचा रंग आहे.

तू विचारतेस एवढ्याशा कागदात काय. ऐक. माझ्या शाळेत कागद नसतोच. दिवाळीच्या सुट्टीआधी मी बाजाराच्या दिवशी एसटी थांब्याजवळ उभी राहते आणि एकेका आईबापाला धरून तोंडी सांगते. द्राक्षाच्या कामाला दिंडोरीकडे जाणार असाल तर पोरांना आजीकडे ठेवा. नेणारच असाल तर माझ्याकडून हमीकार्ड घेऊन जा, म्हणजे तिथल्या शाळेत बसवतील. अमुक तारखेला शाळा भरणार. परत सांगा बरं मला, कोणती तारीख? ते बोटं मोजून सांगतात, मग मी सोडते. चूक झाली तर माझी, कारण सांगणारी मी. तुमच्याकडे छापून मोकळे होता आणि चूक वाचणाऱ्याची.

दादाचं सांगते. तो आता कुठेही तीन तास आधी पोचतो. पाचच्या गाडीसाठी दोनला थांब्यावर. लग्नाला गेला तर मांडव घालणाऱ्यांच्या आधी. मनगटावर घड्याळ आहे तरी रस्त्यात दिसेल त्याला विचारतो, "किती वाजलं?" लोक हसतात. मी त्याची बहीण, मला हसू येत नाही. पल्लवी परवा मला म्हणाली, "आत्या, बाबाला वाचता येतं ना नीट?" दहा वर्षांच्या पोरीने बापाबद्दल हे विचारावं! मला त्या क्षणी तेजश्री मॅडम समोर हव्या होत्या.

हाच दादा हॉस्टेलवर आपल्याला नागलीच्या भाकरी आणून द्यायचा. दोन फडकी बांधायचा, एक माझं, एक तुझं. "संध्याताई लय बारीक हाय" म्हणून तुझ्या फडक्यात एक भाकरी जास्त. मी कधी बोलले नाही, पण मोजायचे. तू चांदवडहून नवीन आली होतीस, रडायचीस, मेसचं जेवण तुला जायचं नाही. विसरली असशील तर आठवण करून देते. हो, उपकार काढते आहे. काढण्यासारखे असले की काढावेत.

खालचा मजकूर जसाच्या तसा छाप:

"गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या सूचनापत्रात श्री. मोतीराम भोये यांच्याविषयी जे छापले गेले ते चुकीचे होते. शाळेने पाठवलेल्या कागदावर वेळ तीनची होती आणि ते तीनला आले. चूक शाळेची होती. त्यांचे नाव सर्वांसमोर घेतले, म्हणून माफीही सर्वांसमोर मागते. मुख्याध्यापिका."

त्या वाचत नाहीत असं तूच लिहिलंस. मग भीती कसली?

ललिता


नाशिक
३ ऑक्टोबर २०२५

प्रिय ललू,

तीन वेळा पत्र लिहायला बसले, तीन वेळा फाडलं. भाकरी मी विसरलेले नाही. तू मोजत होतीस हे मात्र माहीत नव्हतं.

करते मी. दुसऱ्या पानावर, वाचनालयाच्या सूचनेनंतर आणि दुसऱ्या सत्राच्या वेळापत्रकाच्या आधी घालते. मॅडम सही पहिल्या पानावर करतात, मागचं पान उलटत नाहीत. एकदा छापून वाटलं गेलं की त्या काय करणार? "मी माफी मागत नाही" असं दुसरं पत्रक तर काढता येणार नाही ना. शाळेची शोभा होईल.

फक्त एक ऐक. "कागदावर वेळ तीनची होती" हे वाक्य काढू या. "गैरसमजातून झाले, दिलगीर आहोत" एवढं पुरे. वेळेचं लिहिलं की चौकशी होईल, तो कागद कुठे आहे विचारतील. दादाकडे कागद नाही. ऑफिसच्या फाईलमधल्या प्रतीवर अकरा आहे. उगाच दादाच पुन्हा खोटा पडेल. मी त्याच्याच भल्यासाठी म्हणते.

१४ तारखेला पत्रकं वाटली जातील. १६ ला शाळा सुटेल.

तुझी,
संध्या


हरसूल
८ ऑक्टोबर २०२५

संध्या,

नाही. ते एक वाक्य काढायचं असेल तर बाकीचं छापूच नकोस. दिलगिरी मला काय करायची आहे? दिलगिरी तर बसमध्ये पायावर पाय पडला तरी लोक व्यक्त करतात. मला हवंय ते एवढंच की माझा भाऊ खोटं बोलला नव्हता.

आणि आता ऐक. कागद सापडला!

तुमच्या शाळेचा कागद जाड, गुळगुळीत. दादा असला चांगला कागद टाकत नाही, पोरीच्या वह्यांना कव्हर घालतो. गेल्या वर्षीचं सूचनापत्र पल्लवीच्या चित्रकलेच्या वहीला होतं, वेळ छापलेली बाजू आत. कव्हर कशाचं आहे हे पोरीला वर्षभर माहीत होतं. पण बाबाने शाळेच्या कागदाचं कव्हर केलं म्हणून मॅडम त्यालाच ओरडतील, या भीतीने बोलली नाही. काल मी वर्गात सांगितलं, जुन्या वह्या आणा, कोरी पानं काढून घेऊ. तेव्हा माझ्या हातात आली.

सगळं स्वच्छ छापलेलं आहे. "पाल्यास नेण्यासाठी पालकांनी दुपारी ३ वाजता स्वतः उपस्थित राहावे." मी दादाला दाखवलं. त्याने त्या ओळीवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "म्हंजे मी येडा नाय." संध्या, वर्षभर तो स्वतःलाच वेडा समजत होता गं.

म्हणजे तुमच्या फाईलमधली प्रत बदललेली आहे. त्या बाईने आधी चुकीचं छापलं, मग प्रत बदलली आणि वर माझ्या भावाला चौकटीत टांगलं. आता नुसत्या माफीवर भागणार नाही. माफी छापून आली की दिवाळीनंतर मी हा कागद घेऊन स्वतः मॅडमच्या टेबलावर आपटणार आहे. तोंड लपवायला जागा ठेवणार नाही.

ललिता


नाशिक
१७ ऑक्टोबर २०२५, वसुबारस

ललू,

हे पत्र एकटी असताना वाच.

आधी चांगलं सांगते. माफी छापून आली, तुझ्या शब्दांत, तीनसकट. १४ ला वाटली. १५ ला सकाळी मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. समोर संस्थेचे अध्यक्ष बसले होते. अध्यक्ष म्हणाले, "तेजश्रीताई, एवढ्या वर्षांत कुणा मुख्याध्यापकाने एका वॉचमनची जाहीर माफी मागितलेली मी पाहिली नाही. सकाळपासून पालकांचे फोन येतायत. मन मोठं लागतं." मॅडमनी पत्रक हातात घेतलं, पान उलटलं, वाचलं. माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे. मग त्या म्हणाल्या, "हो, मनात होतंच बरेच दिवस." आणि हिरवं पेन उघडून तिथल्या तिथे लिहून दिलं की पल्लवीला पाचवीत परत घ्यावं. अध्यक्ष गेल्यावर मला एवढंच म्हणाल्या, "जाधव, पुढच्या वेळी मला मोठ्या मनाचं करायचं असेल तर आधी कळवत जा."

आता दुसरं. तू तो कागद घेऊन मॅडमकडे जाऊ नकोस. त्याच्या खाली, कापलेल्या पट्टीच्या वर, डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात "सं.जा." आहे. टाईप करणाऱ्याची आद्याक्षरं. मॅडम पहिलं तेच बघतील.

त्या कागदाच्या आदल्या वर्षी दिवाळी मेळावा होता, म्हणून शाळा तीनला सुटली होती. मी जुनी फाईल उघडली, तारीख बदलली, वेळ बदलायची राहिली. पत्रकं वाटून झाल्यावर लक्षात आलं. मॅडमना सांगायचा धीर झाला नाही. मी पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकून दिलं, "स्मरण: शाळा ११ वाजता सुटेल." सगळ्यांनी अंगठे दाखवले. कागद मग कुणी बघितलाच नाही. दादाकडे बटणांचा फोन, तो ग्रुपवर नाही, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

म्हणजे, अकराला आलं नाही. बाराला आलं. माझ्या खिडकीतून तो बाक दिसतो. पल्लवी दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. सव्वाबाराला मला सगळं कळलं. दादाची सोसायटी दहा मिनिटांवर. मी जाऊ शकले असते. पण गेले असते तर कसं कळलं हे सांगावं लागलं असतं. मी खिडकीचा पडदा ओढला. त्या वेळात फाईलमधल्या प्रतीवर अकरा करून नवीन प्रिंट काढली. तीनला दादा आला, मॅडमनी मला विचारलं, "कागदावर किती होतं?" मी म्हणाले, अकरा. प्रत दाखवली. दादा माझ्याकडे बघत होता. "संध्याताई, तुमी तरी सांगा," म्हणाला.

मॅडमना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी नाव छापलं ते वाईटच केलं, पण माझ्या शब्दावर केलं.

मला नोकरी जाण्याची भीती वाटली. दुसरं काही कारण नाही, असतं तर सांगितलं असतं. हवं तर मला मार, पण कागद दाखवू नकोस.

संध्या


हरसूल
५ नोव्हेंबर २०२५

संध्या,

तुझं पत्र लक्ष्मीपूजनाच्या सकाळी मिळालं. पोस्टमन पाड्यावर आला तेव्हा मी अनारसे तळत होते. वाचून झालं तोवर सगळे करपले होते. घरच्यांना सांगितलं, तूप खराब होतं.

दोन आठवडे उत्तर लिहिलं नाही, कारण काय करायचं ते ठरत नव्हतं. पहिल्या दिवशी ठरलं होतं की तुझं पत्र आणि तो कागद दोन्ही घेऊन अध्यक्षांकडेच जायचं. दादाला न सांगता मी काल एसटीतही बसले होते. त्र्यंबकेश्वरला उतरले आणि परत फिरले. का, ते सांगते.

दादाने तू पाठवलेलं ते माफीचं पत्रक प्लास्टिकच्या पिशवीत घालून भिंतीला लावलंय, देवाच्या शेजारी. येणाऱ्या प्रत्येकाला वाचायला लावतो. मग पान उलटून हिरव्या सहीवर बोट ठेवून म्हणतो, "बाईंनी सोता लिवलं." सोसायटीचे सेक्रेटरी भाऊबीजेला स्वतः गाडी घेऊन आले आणि त्याला परत कामावर बोलावलं. पल्लवी परवा निळा गणवेश घालून शाळेत गेली. मी तुला उघडं पाडलं, तर ती सही फसवून घेतलेली होती हेही उघडं पडतं. माफी खोटी ठरते. भिंतीवरचा कागद खाली येतो. दादा पुन्हा वेडा.

म्हणजे तुला शिक्षा करायची तर भावाला दोनदा मारायचं. हे तुला माफी छापताना ठाऊक होतं का गं? मला वाटतं, होतं. तू एवढी हुशार आधीपासूनच होतीस, फक्त मला भाकरी मोजण्यात ते दिसलं नाही.

आणि तू खरं बोललीस तेही कागद सापडला म्हणून. सापडला नसता तर माझ्याकडून मॅडमना शिव्या घालून घेत राहिली असतीस आणि पल्लवीला फ्रॉक दिला असतास.

पण मी माफ केलं असं समजू नकोस. पत्राचा स्क्रीनशॉट निघत नाही हे खरं. पण पत्राला हस्ताक्षर असतं, आणि तुझं माझ्या पेटीत आहे. तर आता मी सांगते तसं करायचं.

नाताळच्या सुट्टीआधी २४ डिसेंबरला तुमची शाळा अकराला सुटेल. दादा अकराला येऊन पल्लवीला नेईल, किंबहुना आठलाच येऊन उभा राहील. ते गेले की तू अर्धी रजा टाकायचीस आणि फाटकाजवळच्या त्याच बाकावर जाऊन बसायचंस. पर्स मांडीवर घेऊन. फोन टेबलाच्या खणात ठेवून. डबा नाही, पुस्तक नाही. कुणी विचारलं, मॅडमनी विचारलं तरी, एकच उत्तर द्यायचं: "मला न्यायला यायचेत."

तीन वाजता मी येईन. तुझं पत्र तुझ्या हातात देईन आणि आपला संबंध संपेल.

वेळ नीट वाचून घे. दुपारी तीन.

ललिता


नाशिक
२४ डिसेंबर २०२५

ललिता,

मी बसले.

अकरा दहाला बसले. पहिला तास पालक जात-येत होते. "काय मॅडम, इथे कशा?" मी म्हणाले, मला न्यायला यायचेत. शिपाईबाई दोनदा येऊन बघून गेल्या. साडेबाराला तेजश्री मॅडमची गाडी फाटकाशी थांबली, काच खाली झाली. त्यांनाही तेच सांगितलं. त्यांनी काच वर केली. एक वाजता भूक लागली. बाक सिमेंटचा आहे, थंडीत गार लागतो. तिथून माझ्या ऑफिसची खिडकी अगदी समोर दिसते, पडद्याचा रंगसुद्धा कळतो. हे मला माहीत नव्हतं. म्हणजे पल्लवीला दिसलं असणार, मी पडदा ओढताना.

तीन वाजले. तू आली नाहीस. मला वाटलं एसटी चुकली असेल. साडेतीन, चार. चारला शिपाईबाईंनी ऑफिसला कुलूप लावलं, माझा फोन आत. कुलूप काढा म्हणावं तर बाक सोडावा लागेल आणि तेवढ्यात तू येशील, म्हणून उठले नाही.

पाचला दादा आला. पल्लवीला घरी सोडून, जेवून, ड्यूटीवर निघाला होता. मला बघून थांबला. "संध्याताई, कोन यायचं हाय का?" मी हो म्हणाले. तो म्हणाला, "मंग मी थांबतो. बाईमाणसानं एकटं बसनं बरं दिसत नाय." कोपऱ्यावरून चहा आणला. माझ्या शेजारी बसला. घड्याळात बघत होता, त्याला ड्यूटीला उशीर होत होता. मोतीरामदादाला उशीर होत होता, ललिता, आणि तो बसून राहिला. मी चहाचा कप बाकावरच ठेवून दिला. त्याला सगळं सांगून टाकावंसं वाटलं. पण मग भिंतीवरचा कागद आठवला.

साडेपाचला मीच म्हणाले, आता नाही कुणी येणार, आणि उठले.

तू पत्रात तीन लिहिलं होतंस. मी दहादा वाचलं होतं. तू का आली नाहीस?

संध्या


हरसूल
२९ डिसेंबर २०२५

संध्या,

दादाने तुला चहा दिला ते मला आवडलेलं नाही. त्याला मी यातलं काहीच सांगितलेलं नाही, नाहीतर दिला नसता. किंवा दिलाही असता, तो तसाच आहे. मी तशी नाही.

पत्र माझ्याकडेच राहील. दर दिवाळीला, दर नाताळला, दर उन्हाळ्याच्या सुट्टीला तू सूचनापत्र टाईप करायला बसशील, वेळेच्या रकान्यापाशी येशील, तेव्हा ते कुणाच्या पेटीत आहे हे तुला आठवत राहो.

कागदावर मी तीनच लिहिलं होतं, बरोबर आहे. पण २४ तारखेला सकाळी सव्वाअकराला मी टाकीवर चढले, तिथे रेंज येते, आणि तुला व्हॉट्सअॅपवर कळवलं: "स्मरण: वेळ बदलली आहे. येणार नाही."

शाळा उघडली की खणातून फोन काढून बघ.

ललिता